केवढं जनावर, केवढी गोळी?

१९०७ साली कुमाऊँतल्या चंपावत गावाजवळ जिम कॉर्बेटनं एक वाघीण मारली. साधीसुधी नव्हे, नरभक्षक वाघीण! आधी नेपाळात आणि मग कुमाऊँत मिळून तिनं ४३६ माणसं मारली होती, असं कॉर्बेटनंच लिहून ठेवलंय. माणसं घराबाहेर पडेनात, शेतं तशीच उभी राहिली, दारं बंद.

वाघीण मेल्यावर कॉर्बेटनं तिचा जबडा उघडून पाहिला. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा आणि खालचा तर पार हाडापर्यंत. ही जखम बंदुकीच्या गोळीची होती. म्हणजे काही वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्यावर गोळी झाडली. ती मेली नाही, जखमी झाली आणि निसटली. सुळ्यांशिवाय सांबराची मान कशी धरणार? नेहमीची शिकार जमेना, तशी ती माणसांकडे वळली.

तो शिकारी कोण, त्याच्या हातात कुठली बंदूक होती, हे कधीच कळलं नाही. नेम चुकला असेल, बंदूक हलकी असेल, नाहीतर दोन्ही. त्याच्या दृष्टीनं ती एक हुकलेली गोळी. तिची किंमत मात्र भलत्यांनीच मोजली.

म्हणूनच दोस्तांनो, जुन्या काळी शिकारी मंडळी शेकोटीभोवती बसली की एका प्रश्नावर हमखास भांडण जुंपायचं. कुठल्या जनावराला कुठली गोळी? वाघाला केवढी, गव्याला केवढी, हत्तीला केवढी? या भांडणात पुस्तकं लिहिली गेली, गणितं मांडली गेली, मैत्र्याही तुटल्या असतील. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघ, बिबळ्या, गवा, हत्ती यांची शिकार संपवली, ते उत्तमच झालं. पण ते भांडण मोठं मजेदार आहे. त्यात विज्ञान आहे, शाळेतलं गणित आहे आणि माणसाच्या स्वभावाचे नमुनेही आहेत.

बारा बोअर म्हणजे काय रे भाऊ?

‘बारा बोअरची बंदूक’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. पण बारा कशाचे? बारा इंच? बारा गोळ्या?

पूर्वी बंदुकीच्या नळीचं माप शिशावरून ठरायचं. एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम शिसं घ्यायचं आणि त्याचे सारखे बारा गोल गोळे करायचे. त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल, ती बारा बोअरची. एक गोळा सुमारे ३८ ग्रॅमचा झाला. आता गंमत बघा. आठ बोअरची बंदूक बारापेक्षा लहान की मोठी? मोठी! कारण त्याच पौंडाचे आठच गोळे करायचे, म्हणजे प्रत्येक गोळा ५७ ग्रॅमचा. आणि चार बोअरचा गोळा तब्बल ११३ ग्रॅमचा. मोठ्या आवळ्याएवढा, पण शिशाचा. आकडा उतरला की गोळी चढली, असा हा उलटा हिशेब.

पुढे रायफली आल्या. नळीच्या आत फिरकीसारखे आटे पाडलेले असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगरत सरळ जाते. रायफलींचं माप मग इंचाच्या अपूर्णांकात सांगायला लागले. यालाच म्हणतात कॅलिबर. .२२ कॅलिबर म्हणजे नळीचं आतलं तोंड साधारण ०.२२ इंच, आपल्या भाषेत ५.६ मिलिमीटर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक पटकावलं ना, ती रायफल याच मापाची. कागदाच्या निशाणाला भोक पाडायला एवढीशी गोळी पुरे. पण समोर कागद नसून एक टनाचा गवा असेल तर?

धूर आणि धक्का

एकोणिसाव्या शतकात बंदुकीची दारू काळी असायची. ती गोळीला फार वेग देऊ शकत नसे. वेग वाढवता येत नाही ना, मग वजन वाढवा! या एका विचारानं त्या काळच्या शिकाऱ्यांनी बंदुकांच्या तोफाच करून टाकल्या.

१८६४ साली आफ्रिकेतलं आल्बर्ट सरोवर गाठणारा सर सॅम्युएल बेकर हा मोठा धिप्पाड गडी. त्याच्याकडे एक अगडबंब बंदूक होती आणि तिचं लाडकं नाव होतं ‘बेबी’. हे बाळ अर्ध्या पौंडाचा, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमचा, फुटणारा गोळा फेकायचं. त्याच्याबरोबरचे अरब लोक तिला तोफेचं पोर म्हणत. बार काढला की बेकर स्वतःच गर्रकन फिरायचा. एवढा दांडगा माणूस, पण ती बंदूक उडवायची त्यालाही धास्ती वाटे.

दुसरा फ्रेडरिक सेलूस. हा १८७१ साली, विशीसुद्धा पुरी व्हायच्या आत, आफ्रिकेत उतरला. हत्तींसाठी त्यानं चार बोअरच्या ठासणीच्या बंदुका घेतल्या. ठासणीची बंदूक म्हणजे काय, तर तोंडाकडून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची आणि गजानं ठासायची. एकदा बार उडाला नाही, म्हणून ती बंदूक बरोबरच्या माणसाकडे गेली. त्यानं आधीचा ऐवज आत आहे हे न बघता वरून पुन्हा दारू आणि गोळी ठासली. सेलूसनं चाप ओढला मात्र! तो जमिनीवरून उचलला गेला आणि तोंडावर आपटला. बंदूक खांद्यावरून मागे कुठल्या कुठे जाऊन पडली. गाल फुटला, खांदा दुखावला.

पण खरी गंमत, किंवा खरं दुखणं म्हणा, पुढेच आहे. सेलूसनं नंतर लिहिलं की त्या बंदुकांच्या धक्क्यांनी आपल्या मनावर जो परिणाम झाला, तो पुढे कायमचा राहिला. म्हणजे हलकी रायफल हाती आली तरी चाप ओढताना अंग आपोआप आकसायचं आणि नेम हलायचा. फटाक्याची वात पेटवताना आपण आधीच तोंड फिरवतो ना, तस्संच. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही शाळेत शिकता. गोळी जितक्या जोरानं पुढे, तितक्याच जोरानं बंदूक मागे. हा नियम हत्तीला लागू आहे तसाच शिकाऱ्याच्या खांद्यालाही आहे. मोठी गोळी घेताना हा हिशेब बरेच जण विसरत.

१८८९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये कॉर्डाइट नावाची जवळजवळ बिनधुराची दारू आली आणि सगळा खेळच बदलला. आता वेग मिळू लागला. १८९८ साली जॉन रिग्बी या कारखानदारानं .४५० नायट्रो एक्सप्रेस नावाचं काडतूस काढलं. बेकरच्या ‘बेबी’ला जे जमत नव्हतं, ते ही जेमतेम अर्ध्या इंचाची गोळी करू लागली. हत्ती, गेंडा, गवा, सगळ्यांना ही दुनळी रायफल पुरेशी होती. आणि धुराचा ढग नाही, त्यामुळे समोरचं जनावर पडलं की अंगावर आलं हे लगेच दिसायचं. हा फायदा काही लहान नव्हे हं!

हिंदुस्थानात ४५० नको!

इथे आपल्या देशाचा संबंध येतो, तोही असा की साऱ्या जगातल्या बंदूक कारखान्यांची धांदल उडाली. वायव्य सरहद्दीवर पठाण टोळ्या इंग्रज फौजेशी लढत होत्या. त्यांच्याकडे जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, आणि त्यांचं माप नेमकं .४५०! शिकारीच्या नावाखाली आलेल्या गोळ्या उद्या आपल्यावरच उडतील, अशी सरकारला धास्ती. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात सरकारनं हिंदुस्थानात .४५० मापाच्या खासगी रायफली आणायला बंदी केली.

आता आली का पंचाईत? या रायफलींचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थानातले राजेरजवाडे आणि इंग्रज साहेब. कारखानदारांनी काय करावं? प्रत्येकानं माप थोडं थोडं वाढवलं. कुणी .४६५ केलं, कुणी .४७०, कुणी .४७५, कुणी .४७६. जनावराच्या दृष्टीनं यांत काडीचा फरक नव्हता. म्हणजे शिकारीच्या पुस्तकांत जी मापांची भलीमोठी जंत्री दिसते, तिच्यातला बराच भाग जंगलानं नव्हे तर सरकारी हुकमानं जन्माला घातला! यांतली .४७० आजही आफ्रिकेत वापरली जाते.

लष्करी .३०३ चीही तीच कथा. ती सामान्य माणसाला मिळत नसे, म्हणून आपल्याकडे .३१५ हे माप रुजलं. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं .३१५ च्या रायफली बनवल्या. उत्तर हिंदुस्थानात पुष्कळांच्या घरी ‘तीनसौपंद्रा’ भिंतीला टांगलेली असते.

मऊ नाक, कडक नाक

नुसतं माप सांगून काम भागत नाही. गोळी कशी बनवली आहे हे कितीतरी वेळा मापापेक्षा महत्त्वाचं ठरतं. एका जातीच्या गोळीला सगळीकडून कडक धातूचं कवच असतं. तिला म्हणतात सॉलिड. ती वाकत नाही, फुलत नाही, हाड फोडून सरळ आत जाते. दुसरीच्या टोकावर कवच नसतं, मऊ शिसं उघडं असतं. ही सॉफ्ट नोज. अंगात शिरताच ती छत्रीसारखी फुलते आणि जागीच थांबते.

आता तुम्हीच सांगा, वाघाला कुठली? वाघ साधारण दोनशे किलोचा, कातडी फार जाड नाही. सॉलिड मारली तर ती आरपार जाईल आणि वाघ पळून जाईल, जखमी होऊन. म्हणून वाघ-बिबळ्याला सॉफ्ट नोज. आणि हत्तीला? हत्तीच्या कवटीत पुढच्या बाजूला मधाच्या पोळ्यासारखं पोकळ्या-पोकळ्यांचं हाड असतं. मेंदू त्याच्या खूप मागे, वजनाला पाचएक किलो. सॉफ्ट नोज वाटेतच फुलून अडकेल. तिथे सॉलिडच हवी. हातात रायफल तीच, पण काडतूस चुकीचं भरलं की सगळं मुसळ केरात.

जाता जाता एक गोष्ट. टोकाशी शिसं उघडं ठेवलेल्या लष्करी गोळ्या १८९० नंतरच्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनल्या, म्हणून त्यांचं नाव पडलं दमदम गोळी. माणसाला त्यांनी फार भयंकर जखमा होतात म्हणून १८९९ साली हेग इथं झालेल्या परिषदेत युद्धात फुलणाऱ्या गोळ्या वापरायच्या नाहीत असं ठरलं. शिकारीत मात्र तीच गोळी दयाळू समजली जाते, कारण जनावर लवकर मरतं. एकच वस्तू, एकीकडे क्रूर आणि दुसरीकडे दयाळू!

बेल नावाचा किडमिड्या गोळीवाला

सगळे मोठमोठ्या रायफली मिरवत असताना एक स्कॉटिश माणूस आफ्रिकेत भलताच उद्योग करत होता. वॉल्टर बेल त्याचं नाव. युगांडातल्या कारामोजो भागात फिरायचा म्हणून लोक त्याला कारामोजो बेल म्हणत. हा हस्तिदंतासाठी हत्ती मारायचा. त्यानं आयुष्यात हजाराच्या वर हत्ती मारले. आकडा वाचून आज पोटात गोळा येतो. पण त्या काळी तो धंदा होता आणि कायद्यानं चालत होता.

नवल असं की यांतले सुमारे आठशे हत्ती त्यानं .२७५ रिग्बीनं मारले. .२७५ इंच म्हणजे ७ मिलिमीटर. गुणून बघा, २५.४ गुणिले ०.२७५. मुळात ही जर्मन माउझरची ७ मिलिमीटरची लष्करी गोळी, रिग्बीनं तिला इंचाचं नाव दिलं. गोळीचं वजन फक्त ११ ग्रॅम! पाच-सहा टनांच्या हत्तीला एवढीशी गोळी म्हणजे बैलाला टाचणी टोचल्यासारखं वाटतं की नाही?

बेलनं एक काम केलं होतं, जे बाकीच्यांनी केलं नाही. त्यानं मेलेल्या हत्तीची कवटी करवतीनं मधोमध कापून घेतली आणि मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिलं. समोरून, बाजूनं, मागून तिरकं, कुठूनही हत्ती दिसला तरी मेंदू कुठे असेल हे त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहायचं. रायफल हलकी असल्यानं दिवसभर मैलोन् मैल चालूनही हात थकत नसे. धक्का कमी, त्यामुळे अंग आकसायचं कारण नाही. आणि उडते पक्षी रायफलनं पाडणारा म्हणून त्याची ख्याती होती. आता असा माणूस म्हणाला की ‘छोटी गोळी पुरते’, तर खरंच आहे, त्याला पुरते.

पण हाच तर घोटाळा झाला! बेलची पुस्तकं वाचून कितीतरी जणांना वाटलं, आपणही करू. डोळा बेलचा नाही, हात बेलचा नाही, कवटी कधी कापून पाहिलेली नाही, फक्त रायफल बेलची. माझं मत विचाराल तर बेलचं उदाहरण हे छोट्या गोळीचं नाहीच, ते अभ्यासाचं आहे. शिवाय जे गेले त्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत. लिहिली ती वाचलेल्यांनी. हे लक्षात ठेवूनच असली पुस्तकं वाचावीत.

टेलरचं गणित

बेलच्या उलट बाजूला उभा होता जॉन टेलर. हा डब्लिनचा. आफ्रिकेत वर्षानुवर्षं शिकार करून त्यानं १९४८ साली रायफली आणि काडतुसांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की हत्तीच्या डोक्यात गोळी मारली आणि मेंदू थोडक्यात हुकला, तर पुढे काय? मोठी गोळी असेल तर हत्ती बॉक्सिंगमधल्या गड्यासारखा ‘नॉक आउट’ होतो, काही क्षण बेशुद्ध पडतो. तेवढ्यात दुसरी गोळी घालता येते. छोटी असेल तर तो एकतर पळतो नाहीतर अंगावर येतो.

यासाठी त्यानं एक सूत्र मांडलं. करून बघा, सोपं आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला किती फूट, आणि व्यास इंचात. तिघांचा गुणाकार करा आणि ७००० नं भागा. (ग्रेन हे फार लहान वजन. सोनाराच्या एका गुंजेत जेमतेम दोन ग्रेन.)

.४७० ची गोळी ५०० ग्रेनची, वेग २१५०. उत्तर येतं ७२ च्या आसपास. अवजड .६०० ची ९०० ग्रेनची, वेग १९५०. उत्तर १५०! आणि आपल्या बेलची? १७३ ग्रेन, वेग सुमारे २३००. उत्तर जेमतेम १६.

कुठे १५०, कुठे १६! पण नववी-दहावीतले तुमचे ताई-दादा म्हणतील, हे सूत्र बरोबर नाही, गतिज ऊर्जेत तर वेगाचा वर्ग असतो. अगदी बरोबर. ऊर्जेनं मोजलं तर .४७० ची गोळी सुमारे ७००० ज्यूल आणि .२७५ ची पावणेतीन हजार. फरक आहे, पण टेलरच्या गणिताएवढा नाही. (ताशी १४० किलोमीटरनं टाकलेला क्रिकेटचा चेंडू किती ज्यूल? फक्त १२०.) टेलरचं सूत्र भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं नव्हे, ते अनुभवाला आकड्यांचे कपडे घालून उभं केलेलं आहे. त्यावरची भांडणं अजून चालू आहेत.

या दोन टोकांच्या मध्ये एक शहाणं माप आहे, .३७५. हॉलंड अँड हॉलंड कंपनीनं ते १९१२ साली काढलं. टेलरच्या गणितात याला ४० गुण. धक्का सोसवण्याजोगा, लांबवर सरळ जाणारी गोळी, आणि सॉफ्ट नोज भरली तर हरणापासून सिंहापर्यंत, सॉलिड भरली तर हत्तीपर्यंत. आफ्रिकेत ज्या देशांत अजून परवान्यानं शिकार चालते, तिथल्या कित्येक ठिकाणी हत्ती-रानरेड्यासाठी .३७५ हे कमीत कमी माप कायद्यानंच ठरवलं आहे. त्याहून लहान घेऊन गेलात तर तुम्ही बेलचे नातू असलात तरी परवानगी नाही!

कॉर्बेटच्या हातात काय होतं?

आता पुन्हा आपल्या जंगलात येऊ. चंपावतच्या वाघिणीच्या वेळी कॉर्बेटकडे .५०० ची रायफल होती, म्हणजे मापानं दणदणीत. पण काडतुसं किती? तीन! वाघिणीला दोन गोळ्या लागल्या तरी ती उभीच होती आणि काडतुसं संपली. धावत जाऊन त्यानं तहसीलदाराची जुनाट बंदूक आणली. तिची नळी आणि ब्रीच-ब्लॉक यांच्यामध्ये चांगली फट होती. तोंडावर धरलेला नेम चुकून ती गोळी पंजाला लागली. वाघीण पडली ती आधीच्याच गोळ्यांनी. बघा, माप बरोबर होतं तरी केवढं संकट ओढवलं होतं!

या पराक्रमाबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्याला एक रायफल भेट दिली. कुठली? .२७५ रिग्बी! बेलची लाडकी. याशिवाय कॉर्बेटकडे .४५०/४०० ची दुनळी होती. हे तिरकी रेघ मारलेलं माप बघून गोंधळू नका. .४५० च्या काडतुसाची मान आवळून त्यात .४०० ची गोळी बसवली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे एक हलकी, एक भारी. ज्या दिवशी जसं काम, तशी रायफल.

१९३० सालची गोष्ट. चौगढची नरभक्षक वाघीण. कॉर्बेट एका कोरड्या ओढ्यातून खाली चालला होता. त्याला पक्ष्यांची अंडी जमवायचा छंद होता. वाटेत रातव्याची दोन अंडी दिसली, ती त्यानं डाव्या हातात घेतली. उजव्या हातात हलकी रायफल. एका मोठ्या खडकाला वळसा घालून त्यानं मागे वळून पाहिलं, तर आठ फुटांवर वाघीण! अगदी झेप घ्यायच्या तयारीत.

रायफलीचं तोंड दुसरीकडे. डाव्या हातात अंडी. एकदम हालचाल केली असती तर खेळ खलास. वाघिणीच्या डोळ्यांवरची नजर न हलवता त्यानं एका हातानं, इंच इंच करत रायफल अर्ध्याहून जास्त वर्तुळात फिरवली. हात ताणून पुढे गेला आणि नळी तिच्या समोर येताच बार काढला. वाघीण क्षणभर तशीच राहिली आणि मग तिचं डोकं हळूच पंजांवर टेकलं.

कॉर्बेटनं पुढे लिहिलं की तीन गोष्टी त्या दिवशी जुळून आल्या. एक म्हणजे हातातली अंडी. ती होती म्हणून दोन्ही हात एकदम हलवायचा मोह झाला नाही. दुसरी म्हणजे हलकी रायफल. आणि तिसरी, समोरची वाघीण नरभक्षक होती हीच. पाच किलोची दुनळी एका हातानं अशी फिरवता आली असती का? करून बघायची तर पाच किलो पिठाचा डबा एका हातात आडवा धरून सावकाश फिरवा. (आईला विचारून!) टेलरच्या गणितात या गोष्टीला कुठलाच रकाना नाही. आणि हो, ती अंडी कॉर्बेटनं परत नेऊन होती तिथेच ठेवली. अर्ध्या तासानं तो तिथून गेला तेव्हा त्यांच्यावर आई बसलेली होती.

ती .२७५ रिग्बी आजही आहे. २०१५ साली रिग्बी कंपनीनंच ती परत विकत घेतली आणि २०१६ साली ती भारतातही आणली होती.

आताचं माप

आज आपल्या जंगलात वन खात्याची माणसं बिबळ्यामागे बंदूक घेऊन जातात ती बहुधा डार्ट-गन असते. विहिरीत पडलेला, उसात अडकलेला, घरात शिरलेला बिबळ्या बेशुद्ध करायचा तर दाबलेल्या वायूच्या जोरावर एक छोटी पिचकारी सोडतात. सुई, औषध आणि मागे रंगीत झुपका. मापं साधारण ११ किंवा १३ मिलिमीटर.

आणि काय सांगावं, जुनं भांडण जसंच्या तसं इथेही आहे! वायूचा दाब जास्त झाला तर पिचकारी हाड मोडेल किंवा खोल घुसेल. कमी झाला तर टप्पी पोहोचणारच नाही. म्हणून अंतर बघून दाब ठरवायचा आणि नेम धरायचा मांडीवर किंवा खांद्याच्या जाड मांसावर. त्याहून अवघड म्हणजे औषध किती भरायचं? आपल्याकडे बिबळ्या-वाघासाठी झायलझिन आणि केटामिन ही जोडी वापरतात आणि तिची मात्रा वजनावर ठरते. झुडपातून दिसणाऱ्या चार ठिपक्यांवरून डॉक्टरांनी वजनाचा अंदाज करायचा. पन्नास किलो की सत्तर? कमी भरलं तर अर्धवट गुंगीतला बिबळ्या माणसांच्या गर्दीत शिरणार. जास्त भरलं तर त्याचा श्वास मंदावणार.

पिचकारी लागली की बिबळ्या उसळी मारून दिसेनासा होतो. मग कुणी मागे धावायचं नाही, ओरडायचं नाही, मोबाइल घेऊन पुढे सरकायचं तर मुळीच नाही. डॉक्टर घड्याळाकडे बघत उभे राहतात. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. तो पडलाय याची काठीनं खात्री झाली की आधी त्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकतात, मग काट्यावर घालून खरं वजन करतात, आणि काम झालं की उताऱ्याचं इंजेक्शन देऊन सगळे झटपट पिंजऱ्याबाहेर होतात.